होयबाची साक्ष

सलूनवाल्याला सगळे होयबा म्हणत, आणि त्यालाही तो होय म्हणत असे.

दोन खुर्च्यांचं दुकान, भिंतभर आरसा, कोपऱ्यात पाण्याचा गीझर आणि दोरीवर कायम वाळत घातलेले टॉवेल. खुर्चीत बसलेला म्हणाला, यंदा उन्हाळा कडक आहे, की होयबा म्हणायचा, भयंकर. पुढचा म्हणाला, कसला उन्हाळा, आमच्या लहानपणी असायचा, की होयबा म्हणायचा, तेच म्हणतो मी. तो खोटं बोलत नव्हता. ज्याच्या डोक्यावर हात असेल त्याचं त्याला मनापासून पटायचं. डोकं बदललं की मत बदलायचं.

याच स्वभावामुळे तो गोत्यात आला.

त्या वर्षी सरकारनं अमली पदार्थांचा कायदा बदलायचं काढलं. शिक्षा आणखी कडक करायची, की काही गोष्टी सरळ कायदेशीर करून टाकायच्या, यावर लोकांचं मत मागवलं होतं. गावात दुसरा विषय उरला नाही. होयबाच्या दुकानात तर तो दिवसातून दोनदा निघायचा.

सकाळी मास्तर येत. भूगोल शिकवत. अंगानं काडीसारखे, आवाज असा की मागच्या बाकापर्यंत पोहोचेतो विरून जावा. दुकानात झुरळ दिसलं तर त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडून येणारे.

"फाशी," मास्तर डोळे मिटून पुटपुटत. "सगळ्यांना. भर चौकात. पाणी जरा कोमट आहे का?"

"आहे ना. आणि फाशीचं म्हणाल तर दुसरा उपायच नाही," होयबा म्हणे.

संध्याकाळी जेलरसाहेब येत. आता निवृत्त झाले होते, पण खुर्चीत बसले की खुर्ची कुरकुरायची. मिशी अशी की माणूस वळल्यावर ती थोड्या वेळानं वळायची. ही मिशी महिन्यातून एकदा होयबाच्या हातून कोरली जाई, आणि तेव्हा होयबा श्वास रोखून धरी.

"मोकळं करून टाका सगळं!" जेलरसाहेब गरजत. "आयुष्य गेलं माझं तुरुंगात. पोरगा आत येतो तेव्हा त्याला एकच गोळी ठाऊक असते. बाहेर जातो तेव्हा अख्खं औषधांचं दुकान तोंडपाठ. दुकानात विकू दे, कर भरू दे, विषय संपला."

"संपलाच," होयबा म्हणे. "उगीच लोकांना डांबून काय मिळतं?"

हे सगळं ऐकणारा तिसरा माणूस दुसऱ्या खुर्चीपाशी उभा असे. होयबाचा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, तिशी ओलांडलेला. गोळ्यांच्या पायी त्याची नोकरी गेली, संसार जमता जमता मोडला, आणि शेवटी तो आत गेला. सुटल्यावर काही महिने उपचार केंद्रात काढून तो बहिणीकडे आला होता आणि आता दुकानात काम करत होता. हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीत घोरायचं. गिऱ्हाइकांना एवढंच ठाऊक होतं की हा बाहेरगावी असायचा.

"भाऊजी," एकदा दुकान झाडताना तो म्हणाला, "तुमच्या दुकानात मला सकाळी फाशी होते आणि संध्याकाळी मी सुटतो. दुपारी तेवढा जरा निवांत असतो."

होयबानं हातातला टॉवेल झटकला. "बरोबर आहे," तो म्हणाला.

मग एके दिवशी मास्तरांनी बातमी आणली. नगरपालिकेच्या सभागृहात जनसुनावणी होती, सामान्य नागरिकांनी बोलायचं होतं. "मी तुझं नाव दिलंय. मी बोललो तर कोणाला ऐकू जाणार नाही. तू आपली बाजू मांड."

"मांडतो की," होयबा म्हणाला.

त्याच संध्याकाळी जेलरसाहेबांनी त्याच्या पाठीत थाप मारली. "तुझं नाव दिलंय! मी बोललो की लोकांना वाटतं दम देतोय. तू आपली बाजू मांड."

"मांडतो की," होयबा म्हणाला.

घरी बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, एकाला तरी नाही म्हणायचं!"

"कोणाला?"

"कोणालाही! निदान सवय तरी होईल."

तिनं त्याची तालीमच घेतली. स्वतः अध्यक्ष झाली, भावाला जनता केलं, आणि नवऱ्याला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं. होयबानं घसा खाकरला आणि सांगितलं की गुन्हेगारांना भर चौकात फाशी देऊन त्यांच्याकडून कर वसूल करावा. जनता हसून हसून खुर्चीवरून खाली आली. अध्यक्षांना मात्र हसू आलं नाही. त्या टॉवेलांच्या घड्या घालत राहिल्या, नेहमीपेक्षा जोरात.

सुनावणीच्या दिवशी सकाळी होयबानं दुकान उघडलं, तर दारात मास्तर उभे. सभागृहात जायचं म्हणून दाढी हवी होती. त्यांच्या तोंडाला फेस लावून होतो तोच जेलरसाहेब आत शिरले. त्यांना मिशी कोरून हवी होती. मेहुणा मागच्या अंगणात टॉवेल पिळत होता, आणि दोघांनाही आज होयबाच हवा होता, कारण आज होयबा त्यांचा वक्ता होता.

होयबानं त्यांना शेजारशेजारच्या खुर्च्यांत बसवलं आणि मनातल्या मनात देवाचा धावा केला.

"भाषण तयार आहे ना?" मास्तर फेसातून म्हणाले. "फाशीचा मुद्दा आधी घे."

"कसली फाशी?" जेलरसाहेब आरशातून म्हणाले. "तो मोकळं करा म्हणून बोलणार आहे."

"काहीतरीच! गेले सहा महिने रोज सकाळी मला सांगतोय."

"मला रोज संध्याकाळी सांगतोय!"

"होयबा, सांग यांना."

"बरोबर आहे," होयबा म्हणाला. त्याच्या हातातलं मशीन चालू होतं आणि मिशीच्या डाव्या टोकाशी होतं.

"कोण बरोबर आहे?" असं म्हणून जेलरसाहेबांनी गर्रकन मान वळवली.

मशीनचा आवाज क्षणभर बदलला. मग जेलरसाहेबांच्या मांडीवर काहीतरी मऊ पडलं.

दुकानात इतकी शांतता पसरली की मास्तरांच्या गालावरचा फेस फुटताना ऐकू येत होता. आरशात उजवीकडे नेहमीचे जेलरसाहेब होते. डावीकडे भलताच एक गृहस्थ बसला होता, जरा घाबरलेला.

शांतता ऐकूनच मेहुणा आत आला. त्यानं एक नजर टाकली, होयबाच्या हातातून मशीन घेतलं आणि जेलरसाहेबांच्या हनुवटीला बोट लावलं. "साहेब, आता उरलेलीही काढावी लागेल. मान सरळ. हलू नका."

जेलरसाहेब हलले नाहीत. पण आरशातून त्याच्याकडे बघत राहिले. आजवर ते नेहमी स्वतःच्या मिशीकडेच बघत आले होते. आता बघायला दुसरं काही उरलं नव्हतं.

"तू माझ्याकडे होतास," ते म्हणाले.

"होतो साहेब. तिथंच कात्री धरायला शिकलो."

"कोणत्या गुन्ह्यात?"

"गोळ्या. आधी घ्यायचो. मग घेता याव्यात म्हणून विकायचो."

मास्तर खुर्चीत ताठ झाले. "म्हणजे मी रोज सकाळी तुझ्यासमोर..."

"रोज नाही मास्तर. सोमवारी दुकान बंद असतं."

"अरे, मी मोठ्या लोकांबद्दल म्हणत होतो. ट्रक भरभरून आणतात ना, त्यांच्याबद्दल."

"तुम्ही सगळ्यांना म्हणायचात."

मास्तरांचा फेस वाळत चालला होता. "हो," ते कसेबसे म्हणाले. "वर्गात तशी सवय लागते. एक जण बोलला की सगळ्यांना उभं करायची."

"पाहिलंत मास्तर?" जेलरसाहेबांना जोर चढला. "मोकळं केलं असतं तर हा आत आलाच नसता!"

"आत आलो नसतो साहेब," मेहुणा उरलेली मिशी उतरवत म्हणाला. "पण तुमच्या त्या दुकानाच्या रांगेत पहिला मीच असतो. शटर उघडायच्या आधीपासून."

जेलरसाहेबांचा हात सवयीनं मिशी पिळायला वर गेला, तिथं काही सापडलं नाही, आणि परत मांडीवर आला.

सभागृहात पोहोचायला उशीर झाला. दारावरच्या शिपायानं जेलरसाहेबांना अडवलं. जेलरसाहेबांसाठी पहिल्या रांगेत जागा राखून ठेवली आहे, ते अजून यायचेत, असं त्यानं त्यांना समजावून सांगितलं. ते मागच्या रांगेत मास्तरांशेजारी जाऊन बसले.

होयबाचं नाव पुकारलं गेलं. तो ध्वनिक्षेपकापुढे उभा राहिला. समोर गाव बसलेलं. आजवर त्यानं हे गाव एकेक डोकं करून पाहिलं होतं. सगळी डोकी एकदम समोर आल्यावर कोणाचं पटवून घ्यावं ते त्याला कळेना.

"थोडक्यात बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"अगदी बरोबर आहे तुमचं," होयबा म्हणाला.

सभागृह हसलं. बाईही हसल्या. "आधी एवढं सांगा, तुम्हाला शिक्षा कडक हवी, की मोकळीक हवी?"

होयबानं मास्तरांकडे पाहिलं. जेलरसाहेबांकडे पाहिलं, पण ते चटकन ओळखू आले नाहीत. मग खिडकीजवळ बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

"मला मत नसतं बाई," तो म्हणाला. "माझा मेहुणा आमच्याकडे राहतो. गोळ्या खायचा. आला तेव्हा बायकोनं कपाटाला कुलूप लावलं होतं. मग एक दिवस लावायचं विसरली. दुसऱ्या दिवशी आठवलं तिला, पण लावलं नाही. आमच्या घरी तो फार मोठा दिवस होता. तो दिवस कुठल्या कायद्यानं आला, मला नाही सांगता येत."

"म्हणजे शिक्षा कडक नको?"

"पण ज्यानं त्याला पहिली गोळी दिली तो अजून मोटारीतून फिरतो. त्याचं काहीतरी करा की."

"म्हणजे कडक हवी."

"पण मेहुण्याला परत आत घालू नका."

"अहो, कायदा एकच असतो."

होयबानं बराच विचार केला. कपाळावरचा घाम खांद्यावरच्या टॉवेलानं पुसला. दुकानातला टॉवेल खांद्यावरच राहून गेला होता. "मग मला नाही जमत," तो म्हणाला.

मागून कोणीतरी ओरडलं, "याला काय म्हणायचंय तेच कळत नाही!"

"बरोबर आहे," होयबा म्हणाला आणि खाली उतरला.

कारकुनानं हळूच बाईंना विचारलं, हे कुठल्या बाजूला धरू? बाई म्हणाल्या, चहाची सुट्टी करा.

घरी जाताना बायको चार पावलं पुढं चालत होती. होयबाला वाटलं होतं, ती म्हणेल छान बोललात. ती गल्लीच्या तोंडाशी थांबली.

"गावभर केलंत," ती म्हणाली. "त्याला विचारलं होतंत?"

होयबानं विचारलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं काही बोलायला गेला, आणि ते दुसऱ्याचंच निघालं. तो तसाच दुकानात गेला. मेहुणा आरसा पुसत होता.

"अरे, मी तिथं तुझं..."

"कळलं भाऊजी. तुमच्या आधी दोन गिऱ्हाइकं सांगून गेली." तो पुसतच राहिला. "ताईनं कुलूप मुद्दाम लावलं नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, किल्ली हरवली असेल."

होयबा बाकावर बसला. "माझं चुकलं."

"चुकलं," मेहुणा म्हणाला. मग फडकं खांद्यावर टाकून म्हणाला, "चहा टाकू का?"

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खुर्चीत फारसं कोणी बसेना. लोक होयबासाठी ताटकळत थांबायचे, वर्तमानपत्र उलटंसुलटं वाचायचे, पण मेहुण्याच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला कचरायचे. एक जण तर म्हणाला, असल्या माणसाला ठेवू नये दुकानात. होयबाच्या तोंडात नेहमीचा शब्द आला. त्यानं तो गिळला. इतका जोरात गिळला की त्याला ठसका लागला, आणि गिऱ्हाइकालाच उठून त्याला पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन होयबा म्हणाला, "तो राहणार." आणि त्या माणसाचे केस नेहमीपेक्षाही नीट कापले.

त्याच्या पुढच्या बुधवारी सकाळी मास्तर आले. होयबाची खुर्ची रिकामी होती. ते क्षणभर उभे राहिले आणि जाऊन दुसऱ्या खुर्चीत बसले. मान मागं टाकली.

मेहुण्यानं फेस लावला. वस्तऱ्याला नवं पातं घातलं.

"पाणी कोमट आहे," तो म्हणाला.

"हं." मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. "एक विचारू? सगळ्या गावानं मत दिलं. तुझं काय मत आहे?"

"कशाबद्दल?"

"तुझ्यासारख्यांना किती शिक्षा असावी?"

वस्तरा गालावरून सरळ रेषेत खाली आला. "न्यायाधीशांनी मला तीन वर्षं दिली मास्तर. ती भोगून झाली. ताईनं किती दिलीत, ते तिनं अजून सांगितलेलं नाही."

बायको दारातून आत येत होती, कडेवर ओल्या टॉवेलांची बादली घेऊन. तिनं ती भावाच्या पायाशी ठेवली.

"अजून ठरवलेलं नाही," ती म्हणाली. "मास्तरांचं झालं की हे वाळत घाल. आणि चिमटे लाव, काल दोन टॉवेल शेजारच्यांच्या अंगणात गेले होते."