कोंडीनं न मारलेली लाथ

कोंडी पायाळू. आईच्या पोटातून आधी पाय आले, मग डोकं. त्यामुळे कडावपासून डोंगरातल्या वाडीपर्यंत कुणाच्या कमरेत उसण भरली, की कोंडीला बोलावणं ठरलेलं. दुखणेकऱ्यानं पालथं निजायचं, तिनं पाठीवर पाय फिरवायचा आणि हलकी लाथ हाणायची. एकही उसण तिला हरवून गेली नव्हती. बाईला त्याची घमेंड होती, आणि का नसावी?

एकोणीसशे पंचवीस सालची गोष्ट. वाडीतला जैतू बैलगाडीशी वाकून भाताचं पोतं उचलत होता, तेवढ्यात थप्पीवरचं दुसरं पोतं थेट त्याच्या वाकल्या पाठीत कोसळलं. त्याला उठता येईना. त्याची बायको ठकी रडत कोंडीला घेऊन आली.

कोंडीनं पायाचा तळवा त्याच्या पाठीवर अलगद टेकला आणि ती दचकली. दोन मणक्यांच्या मध्ये खळगा लागत होता. असा खळगा तिला आजवर कुणाच्या पाठीत लागला नव्हता. पायांना मुंग्या आल्यात, असं जैतू पुटपुटला. कोंडीनं पाय काढून घेतला.

"ही उसण नाय गं ठके. मी लाथ मारणार नाय. याला फळीवर सरळ निजवा नि कर्जतला न्या."

ठकीनं तिला नाही नाही ते ऐकवलं. बायका म्हणाल्या, कोंडीच्या पायाचा गुण गेला. घरी जाताना कोंडीच्या मनात एकच घोळत राहिलं. आपलं चुकलं असेल तर एका माणसाचं वाटोळं होणार होतं.

अखेर जैतूला फळीवर घालून नेलं, तेव्हा कर्जतच्या डॉक्टरांनी पाठ चाचपली आणि ठकीला समजावलं. मणके नुसते एकावर एक रचलेले नसतात, लाकडाची मोळी वेलीनं आवळावी तसे ते चिवट पट्ट्यांनी बांधलेले असतात. माणूस वाकला की मागचे पट्टे मणक्यांना आवरून धरतात. जैतूचे तेच अर्धेमुर्धे फाटले होते. वर लाथ बसती तर मणका सरकून आतली नस चेंगरली असती, आणि पाय कायमचे गेले असते. आता तीन महिने हलायचं नाही, पट्टे हळूहळू सांधतील.

ठकीनं तीन महिने त्याला निजल्या जागी भरवलं.

शिमग्याच्या आधी जैतू आपल्या पायांनी चालत कोंडीच्या दारी आला. जपून गुडघे टेकले, तिच्या पावलांवर हात ठेवले.

"मावशे, लोक तुजी लाथ खाऊन उभं राहिलं. मी न खाता राहिलो."

मागून ठकी आली आणि कोंडीच्या गळ्यात पडली. कोंडीला रडू आवरलं नाही.