देवीसमोर इंजिन बंद

मित्रांनो, मी एक जुना फिल्टर आहे. खरं सांगायचं तर फिल्टरचा डबा आहे, कारण ज्याला फिल्टर म्हणावं ते माझ्या पोटातून केव्हाच उपसून फेकलं गेलं. रेवदंड्याच्या धर्माच्या पिकअपखाली, इंजिन आणि धुराच्या नळकांड्याच्या मधे मी लटकतो. गाडीच्या काचा पुसल्या जातात, आरशांना झेंडूच्या माळा लागतात, बॉनेटवर स्वस्तिक निघतं. मला बघायचं तर मातीत आडवं व्हावं लागतं. तेवढ्यासाठी शर्ट मळवायला कोण तयार होणार?

माझा जन्म कारखान्यातला. करडी माती मळून तिला मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकं पाडली, भट्टीत भाजली आणि पत्र्याच्या डब्यात घट्ट बसवली. काम एकच नेमून दिलं. इंजिनातून येणारी काजळी पोटात ठेवायची आणि साफ हवा तेवढी बाहेर जाऊ द्यायची. पोट भरलं की गाडी आपणहून थोडं जास्त डिझेल सोडते, मी आतून निखाऱ्यासारखा तापतो आणि साठलेल्या काजळीची राख होते. तुमची शहाणी माणसं ह्याला रिजनरेशन म्हणतात. मी ह्याला जेवण पचवणं म्हणतो. त्यासाठी माझी अट फार मोठी नव्हती. तेवढा वेळ गाडी मोकळ्या रस्त्यावर एका दमात पळत राहावी, मधेच इंजिन बंद करू नये, बस्स.

धर्माने ही गाडी मिरवायला घेतली नव्हती, आईसाठी घेतली होती. त्याची आई सखुबाई. वडिलांच्या माघारी तिने मिठागरात टोपल्या वाहून पोराला वाढवलं, आणि म्हातारपणी अंगणात जवळा सुकवत बसायची. जवळा म्हणजे ती बारीक कोळंबी, मित्रांनो. खळ्यावर पसरायची, खराट्याने उलटायची, कावळ्यांना शिव्या द्यायच्या, असा तिचा दिवस जायचा. तिच्या छातीत दम्याने घर केलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, धुराजवळ जायचं नाही. धर्माची बायको जागृती हिने चूल मोडून गॅस आणला. धर्माने काळा धूर ओकणारा जुना टेम्पो मोडीत काढला आणि आम्हाला घरी आणलं.

गाडी ताब्यात देताना शोरूमच्या माणसाने माझं पोट भरल्याचा स्टेअरिंगसमोरचा दिवा दाखवून बजावलं होतं, "हा पिवळा दिवा लागला की गाडी बंद करू नका. मोकळ्या रस्त्याला घ्या आणि पळवा." धर्माने मान डोलावली. तेव्हा त्याच्या एका हातात नारळ होता आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा, त्यामुळे ते बोलणं धरायला हात रिकामा नव्हता.

गाडी अंगणात आली तेव्हा सखुबाई खळ्यावरून उठली. चालू गाडीच्या मागे गेली. नाक पुढे करून वास घेतला.

"काय रं धर्मा, ही चालू हाय का बंद?"

"चालू हाय, आये."

तिचा विश्वास बसेना. पांढऱ्या लुगड्याच्या पदराचं टोक तिने नळकांड्यात घालून फिरवलं आणि उजेडात धरलं. पदर पांढराच निघाला. म्हातारी सगळ्या आळीला दाखवत फिरली. "माज्या लेकानं मना श्वास इकत आनला गो!" मी गाडीखाली होतो, तरी ते कौतुक माझंच होतं. त्याआधी माझं कौतुक कोणी केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. म्हणून ते मला शब्दानशब्द पाठ आहे.

आता धर्माचा स्वभाव ऐका. माणूस देवभोळा. त्याचे वडील मिठाचा ट्रक चालवायचे आणि देवळापुढे आले की इंजिन बंद करून हात जोडायचे. देवाच्या तोंडावर धूर सोडू नये, असा त्यांचा नेम. त्या ट्रकला तो नेम शोभत होता, कारण त्याचा धूर लागून म्हशीसुद्धा शिंकायच्या. ट्रक गेला, वडील गेले, पण नेम राहिला. आमच्या गाडीतून धूर येतच नव्हता. तरीही गावदेवी आली की इंजिन बंद. पुढे पिंपळाखालचा बापदेव, इंजिन बंद. पुलाजवळच्या साती आसरा, इंजिन बंद. जेटीवरून बर्फ आणि मासळी घेऊन आम्ही अलिबागच्या बाजारात जायचो, आणि एवढ्याशा वाटेवर देव काही कमी नाहीत. मी जरा तापायला लागावं आणि ह्याने चावी फिरवून डोळे मिटावेत. माझा घास तोंडातच राहायचा.

सखुबाई तर ह्या बाबतीत लेकाच्या वरताण होती. गावदेवी घरापासून हाकेच्या अंतरावर. खळ्यावर बसून म्हातारी कान लावायची. एखाद्या दिवशी घाईत इंजिन बंद व्हायचं राहिलं, तर संध्याकाळी झाडाझडती व्हायची. "देवीम्होरं गाडी चालू ठेवलीस? तुज्या बापानं कंदी ठेवली व्हती का?" स्वतःच्या श्वासाची राखण करणाऱ्याचा गळा ती स्वतःच आवळत होती. पण तिला ते कोण सांगणार? मला तोंड नाही. जे आहे त्यातून फक्त हवा जाते.

आणखी एक खोड होती. रोज सकाळी धर्मा अंगणात गाडी चालू करायचा आणि आत जाऊन सावकाश चहा प्यायचा. "डिझेलची गाडी गरम व्हायला पायजे," हेही वडिलांचंच. उभ्या गाडीत माझ्या पोटात काजळी तेवढी साठते, जळत काहीच नाही. देवीसमोर बंद आणि अंगणात चालू. दोन्हीकडून माझंच मरण.

पिवळा दिवा वरचेवर लागू लागला. मला तापवायला म्हणून सोडलेलं डिझेल न जळता राहून इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरू लागलं. एक दिवस धर्माने ऑइलची पट्टी काढून बघितली आणि हरखला. ऑइल कमी व्हायचं सोडून वाढलं होतं!

"जागृती, बघ! लोकांच्या गाड्या ऑइल पितात, आपली गाडी ऑइल देते. देवीची किरपा हाय."

"दुधाच्या म्हशीवानी सांगताय," जागृती म्हणाली. "गॅरेजवाल्याला तरी इचारा."

धर्माने गॅरेजवाल्याला विचारलं नाही, देवीला नारळ वाढवला. दिव्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला, कारण त्याच्याकडे बघून जीव घाबरा होतो. मित्रांनो, माणसाला जे काही सांगायला लावलेलं असतं, ते झाकण्याची विद्या माणसानेच काढलेली आहे.

मग माणगावच्या बाजाराची वर्दी आली. लांबचा रस्ता! रोह्याच्या पुढे मोकळा पट्टा लागला, गाडी वेगात आली आणि कित्येक महिन्यांनी मला नीट आच लागली. मी पोटभर पेटलो. जुनी, थरावर थर बसलेली काजळी जळू लागली. अजून थोडं, अजून थोडं, असं मी मनात म्हणत होतो. आयुष्यात इतकं सुख मला दुसरं झालं नाही.

धर्माला वास आला. पंखा घोंघावत होता, गाडीखालून वाफा निघत होत्या. त्याला वाटलं, गाडी पेटली. रस्त्याकडेला शेंदूर फासलेला एक दगड दिसला, तिथेच त्याने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि हौद्यातल्या मासळीच्या टपातलं बर्फाचं पाणी बादलीने काढून गाडीखाली माझ्यावर फेकलं. एक बादली ओतून थांबला नाही. वास जाईपर्यंत ओतत राहिला.

तापल्या तव्यावर कधी पाणी टाकलंत का? मी आतून तडकलो. तो आवाज धर्माने ऐकला, आणि आग विझली म्हणून शेंदराच्या दगडाला हात जोडले.

गाडीने जोर सोडला. बैलगाडीच्या चालीने माणगाव गाठलं तेव्हा बाजार उठला होता आणि मासळी नरम पडली होती. दुसऱ्या दिवशी धर्माने गाडी धनेशच्या गॅरेजात लावली. धनेश फार बोलणारा माणूस नव्हे. त्याने खाली सरकून मला ठोकून बघितलं.

"हा गेला. नवीन टाकायचा तं गाडी गहान ठेवावी लागंल. त्यापरीस आतलं काढतो आनि डबा तसाच बसवतो. वरून बघनाऱ्याला कलनार पन नाय. दिवा बी परत लागनार नाय."

धर्मा जरा घुटमळला. "धूर येल का रं? घरात आये हाय. तिला दमा हाय."

"नवीन इंजान हाय. किती धूर मारनार हाय?"

धर्माला हेच ऐकायचं होतं. त्याने मान डोलावली. ह्या वेळी त्याचे दोन्ही हात रिकामे होते, मित्रांनो. नारळ नव्हता, पेढे नव्हते. तरीही त्याने मान डोलावली.

धनेशने मला पहारीने फोडलं. पोटातलं मातीचं पोळं तुकड्यातुकड्याने बाहेर आलं. त्याची पूड गॅरेजामागच्या नाल्यात गेली. मग रिकामा डबा जोडून परत जागेवर चढवला. गाडी सुसाट पळू लागली. धर्मा खूश, धनेशचं नाव झालं, आणि दिव्यावरची चिकटपट्टी निघाली. पहिल्याच सकाळी त्याने नेहमीप्रमाणे अंगणात गाडी चालू केली आणि चहाला आत गेला.

मी अडवायला आता कशाने अडवणार होतो? जे इंजिनातून आलं ते जसंच्या तसं माझ्यातून गेलं आणि खळ्यावर बसलेल्या सखुबाईच्या अंगावर पडलं. ती खोकत म्हणाली, "धर्मा, धूर येतो रं."

"थंडीचा हाय, आये. गाडी गरम झाली का जाईल."

आणि गाडी नीट गरम व्हावी म्हणून तो आणखी वेळ चालू ठेवू लागला. म्हातारीने पुन्हा तक्रार केली नाही. लेकाने श्वास विकत आणल्याचं तिने साऱ्या आळीला सांगितलं होतं. आता कोणत्या तोंडाने धूर येतो म्हणणार? तोंडाला पदर लावून ती खराटा फिरवायची. तो पदर पांढरा राहिला नाही. जागृती लुगडं धुताना काळं पाणी बघायची आणि समजायची, म्हातारीला हल्ली नीट दिसत नाही, कुठेही टेकते.

शिमग्याच्या आसपास एका दुपारी सखुबाई खळ्यावरच कलंडली. ओठ निळे पडले होते. तिला बसवेना, म्हणून हौद्यात गोधडी टाकून झोपवलं. जागृती तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि धर्माने गाडी अलिबागच्या दवाखान्याकडे सोडली.

गावदेवी आली. गाडी थांबली नाही. बापदेव गेला, साती आसरा गेल्या. चौल गेलं, नागाव गेलं. पाय ॲक्सिलरेटरवर, इंजिन एका दमात, वेग एकसारखा. मित्रांनो, हीच ती धाव. जिच्यासाठी मी महिनोन्‌महिने तळमळलो, ती मला अखेर मिळाली. पण जाळायला माझ्या पोटात काही नव्हतं, आणि काही धरून ठेवायला पोटच नव्हतं. सगळा काळा लोट मागे उसळायचा आणि वाऱ्याने वळून उघड्या हौद्यात शिरायचा. जागृतीने पदराने म्हातारीचं तोंड झाकलं. मग श्वास कोंडतो म्हणून उघडलं. मग पुन्हा झाकलं. अलिबाग येईपर्यंत ती एवढंच करत होती.

डॉक्टरांनी विचारलं, "घरी चूल आहे का? कोणी विडी ओढतं का?"

"न्हाय साहेब," धर्मा म्हणाला. "गॅस हाय. कोनी काय वढत न्हाय."

गाडीबद्दल कोणी विचारलं नाही. मी बाहेर फाटकाशी उभा होतो.

सखुबाई गेली. जाण्याआधी शुद्धीवर आली होती, तेव्हा लेकाला जवळ बोलावून एवढंच बोलली, "आज तू देवीम्होरं थांबला न्हायस रं." परतीच्या वाटेवर धर्मा स्टेअरिंगवर डोकं आपटून रडला. आईला आपणच मारलं, असं तो जागृतीला सांगत होता. बोलला ते खोटं नव्हतं. फक्त देवी कोपली म्हणून ती गेली, असं तो समजत होता.

तेव्हापासून एकही दगड सुटत नाही. शेंदूर दिसला की इंजिन बंद.

घराच्या ओटीवर आता सखुबाईचा हार घातलेला फोटो आहे. सकाळी धर्मा अंगणात गाडी चालू करतो, चहा पिऊन येतो, आणि गाडी फोटोसमोर आली की चावी फिरवतो, हात जोडतो. तिच्या तोंडावर धूर जाऊ नये म्हणून. जिवंतपणी खळ्यावर बसलेल्या बाईसाठी ह्या अंगणात ते इंजिन एकदाही बंद झालं नाही. त्यासाठी तिला आधी फोटो व्हावं लागलं. खळ्यावर आता जागृती जवळा पसरते. कालपासून तीही खोकते आहे.

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्या दारात गाडी असेल आणि तिचा दिवा काही सांगत असेल, तर तो झाकू नका, आणि आतला फिल्टर पहारीने फोडू देऊ नका. सकाळी चावी फिरवण्याआधी मागे जाऊन बघा, नळकांड्याच्या समोर कोण बसलं आहे. त्या माणसासाठी इंजिन बंद करा. देवांचं नंतर बघता येईल.