मामीचं जास्तीचं वजन

मामीला फाटकाबाहेर सोडलं आणि ती चालत घरी आली. हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजा. असं काही झालेलं नाही.

आमच्या कारखान्यात कोळंबी सोलतात, गोठवतात आणि परदेशी पाठवतात. गोठलेली कोळंबी गार पाण्याच्या हौदात बुचकळली की तिच्यावर काचेसारखा बर्फाचा थर चढतो. माल सुकू नये म्हणून हा थर. पण गिऱ्हाईक किलोवर पैसे देतं आणि बर्फालाही वजन असतं, ही गोष्ट जगातल्या एकाही मालकाच्या नजरेतून सुटलेली नाही. यंदा कुठल्याशा देशाने इतकी तळी खणली, इतकी कोळंबी पोसली, की भाव आपटला. भाव काही आमच्या साहेबांच्या हातात नव्हता. नळ होता. त्यांनी पाणी वाढवलं. माल एकदाऐवजी तीनदा बुचकळायचा, असा हुकूम निघाला.

बुचकळायचं काम मामीचं. माझं काम फाटकावरच्या काट्यावर. कुणी कोळंबी पळवू नये म्हणून प्रत्येकाचं वजन आत येताना करायचं आणि बाहेर जाताना करायचं. जास्त भरलं तर तो फरक कंपनीचा.

त्या संध्याकाळी मामी काट्यावर उभी राहिली आणि काटा सकाळच्या पुढे गेला.

"मामी, डबा खाल्लास ना?"

"सकाळी तोच डबा हातात होता, आता पोटात आहे. तुझ्या काट्याला एवढंही कळत नाही? गाढवाचा दिसतोय."

झडती झाली. कोळंबीची शेपटीसुद्धा सापडली नाही. मामीचे हात मात्र कोपरापर्यंत चकाकत होते. मी टिचकी मारली तर पेल्यावर मारावी तसा आवाज आला.

साहेब आले. ज्या मालावर वाद असेल तो निकाल लागेपर्यंत शीतगृहात ठेवायचा, म्हणजे नासत नाही, असा कंपनीचा नियम आहे.

"साहेब, ती माणूस आहे," मी म्हणालो.

"असेल. पण वाद आहे की नाही?"

वाद होता. मामी शीतगृहात गेली.

सकाळी तिचं पुन्हा वजन केलं. ते आणखी वाढलं होतं, म्हणजे वादही वाढला. मामा शाल घेऊन फाटकाशी उभा होता. "अरे, तुझी मामी कधी सुटणार? घरी काय कुठे ठेवलंय, मला काडीसुद्धा सापडत नाही." मी शाल आत नेली. मामीच्या खांद्यावर टाकली, तर ती घसरून खाली पडली. खांदे गुळगुळीत झाले होते.

"कुणी बुचकळतंय का हिला?" साहेबांनी विचारलं.

कुणीच बुचकळत नव्हतं. हौद भिंतीपलीकडे होता. थर आपला आपणच चढत होता. हळूहळू तो मामीच्या हनुवटीपर्यंत आला, मग ओठांवरून गेला. तिच्या शिव्या आता लांबून, पाण्याखालून आल्यासारख्या ऐकू यायच्या. डोळे उघडेच होते. ते माझ्याकडे वळायचे, पण मी हललो की जरा वेळाने.

अशात शनिवारच्या जहाजासाठी कंटेनर भरायला घेतला आणि वजन थोडं कमी पडलं. साहेब शीतगृहाच्या दारात उभे राहून मामीकडे बघू लागले. ते बघणं मी ओळखतो. भाव बघताना ते तसेच बघतात.

शुक्रवारी मी आत शिरलो. "मामी, चल. तुला उचलून नेतो. काट्याचं काय करायचं ते मी बघतो."

"दार लाव आधी," बर्फातून आवाज आला. "ऊब आत येतेय."

मागे रचलेल्या खोक्यांतून टकटक झाली. सोललेली, डोकी उडवलेली, तीनदा बुचकळलेली कोळंबी होती ती. मामीने आतून बोटाने टकटक करून तिला उत्तर दिलं. मग सगळ्या खोक्यांतून एकदमच टकटक सुरू झाली, बायकांना हसू आवरेनासं व्हावं तशी.

मी बाहेर आलो, दार लावलं आणि खालील अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला.

मा. व्यवस्थापक साहेब यांस,

विनंती अर्ज करण्यात येतो की, शीतगृहात ठेवलेल्या माझ्या मामी यांना शनिवारच्या कंटेनरमध्ये न भरता, तपासणीचा नमुना म्हणून फाटकाबाहेर सोडण्यात यावे. नमुन्याचे फाटकावर वजन होत नाही, त्यामुळे फरकाचा प्रश्न उरत नाही. तपासणीसाठी नमुना वितळवणे आवश्यक असल्याने ते काम मामा स्वखर्चाने, घरी, शेगडीजवळ करतील. वितळलेले पाणी कंपनीचे असल्याने ते बादलीत भरून जमा करण्यात येईल. तपासलेला नमुना परत मागवण्याची पद्धत नाही. ती कृपया याही वेळी पाळण्यात यावी, ही नम्र विनंती.