उत्तरेच्या भिंतीवरचा थर्मामीटर

मी एक जुना थर्मामीटर आहे. हातभर लांब काचेची नळी, तिच्यामागे मेपलच्या लाकडाची पट्टी आणि वर टांगायला पितळेची कडी, एवढाच माझा पसारा. पट्टीच्या डाव्या बाजूला फॅरनहाइटचे आकडे आहेत, उजव्या बाजूला सेल्सिअसचे. माझ्या पोटात पारा नाही, लाल रंगाचे स्पिरिट आहे. त्यामुळेच मी वाचलो. खाद्याच्या कारखान्यांतून विषारी पाऱ्याचे थर्मामीटर काढून टाकले, तेव्हा माझे पुष्कळ भाऊबंद खोक्यात भरून गेले.

मला घडवणाऱ्या कारागिराने आधी मला वितळत्या बर्फात उभे केले आणि एक खूण केली. मग गरम पाण्यात उभे केले आणि दुसरी खूण केली. मधले अंतर त्याने सारखे वाटून दिले. माझे शिक्षण म्हणायचे तर तेवढेच. पुढचे सगळे आयुष्य मी त्या दोन खुणांना धरून राहिलो.

माझी पहिली नोकरी दक्षिण मॅनिटोबाच्या थंड प्रदेशात, सुझाना पेनर यांच्या घरी, अंडी उबवण्याच्या पेटीत होती. सुझानाबाई दिवसातून तीनदा पेटीच्या काचेतून माझ्याकडे बघत आणि अंडी एकेक करून फिरवून ठेवत. पिल्ले निघाली की शेजारणींना सांगत, ही आमच्या थर्मामीटरने काढली. मित्रांनो, स्तुती कोणाला आवडत नाही? मी मात्र तेव्हाही अंड्यांना लागणारे साडेसदतीस अंशच दाखवत होतो.

सुझानाबाई गेल्या. त्यांचा मुलगा गेरहार्ड याने मला पुसून आपल्या कारखान्यात नेले. त्याचा कारखाना कुत्र्यांचे कोरडे खाद्य बनवतो. त्यात बार्ली, मका, कोंबडीची चरबी असते, आणि चवीसाठी डुकराच्या वाळवलेल्या काळजाची पूड. ही पूड परदेशातून जहाजाने येते, तपकिरी कागदी पोत्यांत. तिचा वास लागला की गावातला एकही कुत्रा जागेवर राहत नाही.

आमच्या गावाला चारही बाजूंनी डुकरांच्या लांब लांब शेड आहेत. गाव त्यांच्यावरच जगते. म्हणून इथे एका आजाराचे नाव लोक हळू आवाजात घेतात. त्याला आफ्रिकन स्वाइन फिव्हर म्हणतात. तो माणसांना होत नाही, कुत्र्यांनाही होत नाही. डुकराला झाला तर मात्र डुक्कर बहुधा वाचत नाही. एका शेडमध्ये सापडला तरी आसपासचे कळप मारावे लागतात आणि सगळ्या देशाची विक्री थांबते. आमच्याकडे तो अजून आलेला नाही.

पूड शिजवून वाळवतात, तेव्हा रोगाचा विषाणू मरतो. तसे कागदावर लिहिलेलेही असते. पण शिजल्यावर ती कोणत्या फावड्याने भरली, कोणाच्या बुटांजवळ सांडली आणि पुन्हा गोळा केली, हे कागद सांगत नाही. तपासणीला जाते ती चमचाभर पूड. पोते जात नाही. या विषाणूची एक खोड गेरहार्डला ठाऊक होती. तो थंडीत तग धरतो आणि उबेत हळूहळू मरतो. म्हणून त्याने कारखान्यात एक वेगळी खोली केली आणि स्वतःपुरता नियम केला. बाहेरून आलेले प्रत्येक पोते तीस दिवस वीस अंशांच्या वर थांबेल, मगच ते यंत्राकडे जाईल. सरकार एवढे मागत नव्हते.

त्या खोलीत उत्तरेच्या भिंतीवर माझा खिळा होता. सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता गेरहार्ड यायचा, मला वाचायचा आणि दारामागच्या तक्त्यावर आकडा लिहायचा. अशी अकरा वर्षे गेली. पाहुणे आले की तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, हा माझा सर्वांत जुना कामगार, एकदाही रजा घेतली नाही. त्याचा मेव्हणा इसाक लोवेन म्हणायचा, रजा कशी घेईल, तुम्ही त्याला खिळ्यावर टांगलंय.

हा इसाक हिवाळ्यात सकाळी आमच्याकडे पोती उचलण्याची गाडी चालवतो. दुपारी अंघोळ करून, कपडे आणि बूट बदलून तो स्वतःच्या शेडवर जातो. तिथे त्याची दोन हजार डुकरे आहेत.

मग गेरहार्डची मुलगी अगाथा विनिपेगहून परत आली आणि कारखान्याचा कारभार बघू लागली. तिने एक पांढरा विजेचा डबा आणला. त्याचा आकडा तिला टेबलावर बसल्या बसल्या दिसे. वायर दारापर्यंतच पोचत होती, म्हणून डबा दाराजवळ लावला. त्याच्या अगदी वर हीटरच्या गरम हवेचे तोंड होते. कोणी मुद्दाम काही केले नव्हते. माझ्यापुढे पोत्यांची थप्पी लागली आणि सगळे मला विसरले.

त्या जानेवारीत बाहेर उणे तीस होते आणि दिवसेंदिवस तेच राहिले. डबा एकवीस म्हणत होता. भिंतीजवळ मी आधी बारा म्हणालो, मग नऊ, मग सात. मित्रांनो, थर्मामीटरला आवाज नसतो. त्याच्याकडे कोणीतरी बघावे लागते. गेरहार्डच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते आणि तो घरी बसून होता.

खोलीत तेव्हा चाळीस पोती होती. त्यांच्यापासून व्हायचे खाद्य उत्तरेकडच्या लोरां पेल्तिये या माणसाला हवे होते. तो बर्फावर कुत्र्यांच्या गाड्या पळवतो आणि फेब्रुवारीत त्याच्या शर्यती असतात. हिवाळ्यातले तेच एक मोठे काम होते. ते गेले तर दोन कामगारांना बर्फ वितळेपर्यंत घरी बसावे लागणार होते. अगाथाने त्याला गुरुवारचा शब्द दिला होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी गेरहार्ड काठी टेकत पहिल्यांदाच कारखान्यात आला. खोलीत येऊन त्याने सवयीने मागच्या एका पोत्यावर हात ठेवला. मग हातमोजा काढून पुन्हा ठेवला. त्याने दोन पोती बाजूला ओढली आणि मला शोधून काढले. वाचले, चष्मा पुसून परत वाचले आणि अगाथाला हाक मारली.

"हे वाच," तो म्हणाला.

"सात? बाबा, हा बिघडला असेल. डबा एकवीस दाखवतोय."

"मग पोत्याला हात लाव."

तिने हात लावला. मग तिने डबा वायरीसकट सोडवून आणला, लांब वायर जोडली आणि माझ्या शेजारी धरून उभी राहिली. अर्ध्या तासाने डबाही सात म्हणाला. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. ठेवले होते तिथले तो खरेच सांगत होता.

अगाथा म्हणाली की पुढची पोती तर उबेत होती, फक्त मागची थांबवू आणि बाकीची गुरुवारी काढू. तेवढ्यात इसाकने गाडी बंद केली आणि खाली उतरला.

"मी फिरवलीत ती," तो म्हणाला.

"काय फिरवलंस?" गेरहार्डने विचारले.

"पोती. पंधरवड्यापूर्वी. थोडी मागची पुढे, थोडी पुढची मागे. म्हटलं सगळ्यांना सारखी ऊब मिळू दे. तुमच्या आई अंडी फिरवायच्या ना, दाजी, तसं."

"अंडी होती का ती?"

"पिल्लं निघाली असती तर तुमचाच फायदा होता."

कोणते पोते किती दिवस थंडीत होते, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते. त्याच्या चांगुलपणाने सगळा माल एकच करून टाकला होता.

पुढे जे झाले त्याचे मला आजही नवल वाटते. माल सोडा असे आग्रहाने सांगू लागला तो इसाकच. चूक त्याची होती आणि त्या दोन कामगारांना तो रोज भेटत होता. तो म्हणाला, "शिजवलेला माल आहे, कागद आहेत, शिक्के आहेत. आणि काही झालंच तर डुकरं माझी जातील. मीच म्हणतोय ना सोडा."

"तू इथून अंघोळ करून शेडवर जातोस. कशाला?" गेरहार्डने विचारले.

"सवय आहे."

"सवय नाही. अंगावरून रोग डुकरांपर्यंत जाईल अशी भीती वाटते, म्हणून करतोस. मलाही वाटते. तुझी डुकरं तुझी, इसाक. तुझ्या कुंपणापलीकडची कोणाची?"

गेरहार्ड अगाथाकडे वळला. त्याने काय करायचे ते सांगितले नाही. तक्त्यावर सही तुझी असते, एवढेच तो म्हणाला आणि काठी घेऊन बाहेर गेला.

अगाथा तक्त्यापुढे गेली. मग तिने अठ्ठावीस दिवसांवर एक तिरकी रेघ ओढली आणि शेजारी कोरा कागद लावला. लोरांला फोनही तिनेच केला. तो भांडला नाही. माझ्या कुत्र्यांना तुमचे दिवस मोजता येत नाहीत, एवढे बोलून त्याने फोन ठेवला आणि दुसरीकडून खाद्य घेतले. दोन कामगार घरी बसले. वसंतात त्यांतला एकच परत आला.

खोलीच्या उत्तर भिंतीला जाड अस्तर लावले, पंखा बसवला. मी वीस म्हणालो त्या दिवशी नव्या कागदावर पहिला दिवस लिहिला गेला. तीस दिवस झाले, खाद्य बनले, विकले गेले. पुढे काहीही झाले नाही.

दोन वर्षांनी ऑक्टोबरात गेरहार्ड गेला. त्याच्या दफनाच्या दिवशी कारखाना बंद होता. चर्चच्या तळघरात लोक पाव, चीज आणि कॉफी घेऊन बसले असतील, असे मी धरून चाललो. तक्त्यावरचा संध्याकाळचा रकाना रिकामा राहणार, असेही धरून चाललो. पाच वाजता दार उघडले. अगाथा काळ्या कोटातच आली, मला वाचले, एकवीस लिहिले, दिवा मालवला आणि गेली.

पुढच्या वसंतात इसाक तिच्याजवळ थांबला. तो म्हातारा दिसू लागला आहे.

"त्या पोत्यांत खरंच काही होतं का गं?"

"माहीत नाही, मामा."

"कधी कळेल?"

"कधीच नाही."

"मग आपण ते कशासाठी केलं म्हणायचं?"

"तुम्ही आता कुठे निघालात?"

"कुठे म्हणजे? अंघोळ करून डुकरांकडे."

"त्यासाठी," अगाथा म्हणाली.

मित्रांनो, माझी काच आता थोडी धुरकट झाली आहे, पण लाल रेघ अजून सरळ चढते आणि सरळ उतरते. माझे मागणे फार नाही. मला सोयीच्या जागी लावू नका, खोलीतल्या सर्वांत थंड भिंतीवर लावा आणि माझ्यापुढे सामान रचू नका. रोज या, तुम्हाला बरे वाटत नसेल त्या दिवशीही या. मात्र अगदी जवळ येऊन वाचताना क्षणभर श्वास रोखून धरा. नाहीतर मी तुम्हाला तुमचीच ऊब सांगेन.