पहाटे पाचचा रीबूट

राऊटरचं घड्याळ नीट लावायला दोन मिनिटं पुरली असती. आल्बर्ट अंकलनी आमच्या मॅनेजरना, रोहित सरांना, तीनदा सांगितलं होतं. तीनदा! पण साहेब झालेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

भाईंदर पूर्वेला आमचं केबल इंटरनेटचं छोटं ऑफिस. पूनम सागर वसाहतीतल्या सगळ्या ग्राहकांचं इंटरनेट एकाच राऊटरवरून जायचं. नवीन सेटिंग टाकलं की तो रीबूट, म्हणजे बंद करून पुन्हा चालू, करावा लागे, आणि लोक झोपेत असताना व्हावा म्हणून वेळ आधीच लावून ठेवायची. अंकल उत्तनचे, आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. ते कधीच घड्याळातली वेळ घालत नसत. आत्तापासून इतक्या मिनिटांनी, असं मोजून घालत.

"साहेब, त्याचं घड्याळ लंडनचं हाय. साडेपाच तास मागं. मिनिटं घाला, न्हायतर मला ते लावू द्या."

"मिनिटं काय मोजतोस, कुकर लावलायस का?" बापाच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे. आणि परवानगीशिवाय घड्याळाला हात लावायचा नाही, हा नियमही सरांचाच.

बुधवारी संध्याकाळी अंकल उत्तनच्या बसला गेल्यावर सरांनी स्वतःच रीबूट लावला. वेळ, पहाटे पाच. मी शेजारच्या खुर्चीत होते. लॉगिन एकच, अंकलच्या नावाचं; पासवर्ड सगळ्यांना पाठ.

पहाटे काहीच झालं नाही. सकाळी साडेदहाला लंडनचे पाच वाजले आणि पूनम सागर अख्खं बंद पडलं. शेअर बाजार ऐन भरात. तिथला एक ब्रोकर फोनवर मालकांना नाही नाही ते बोलला. अकराला मालक ऑफिसात हजर.

रोहित सरांनी राऊटरच्या नोंदीचा प्रिंट पुढे केला. रीबूट लावणाऱ्याचं नाव आल्बर्टचं, लावल्याची वेळ बारा चाळीस.

"काल दुपारी बारा चाळीसला जागेवर होतास?" मालकांनी अंकलना विचारलं.

"होतो साहेब. पण मी न्हाय केलं."

"उद्यापासून येऊ नकोस."

सर खिडकीबाहेर बघत उभे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी! ज्या घड्याळाने घोळ केला, त्याचीच साक्ष काढत होते!

"साहेब, त्यात साडेपाच तास मिळवा," मी ओरडलेच. "ते घड्याळ लंडनचं आहे!"

मालकांनी बोटांवर मोजलं. संध्याकाळचे सहा दहा. मग हजेरीचं मस्टर ओढलं. अंकलची घरी जातानाची सही साडेपाचची होती.

"मग कोणी लावला?"

"रोहित सरांनी. मी शेजारीच बसले होते."

सर लालबुंद झाले. "शेजारी बसली होतीस ना? घड्याळ लंडनचं आहे हे माहीत होतं ना? मग तेव्हा का नाही बोललीस?"

माहीत होतं. सर पाच टाईप करत होते तेव्हा ओठांवर आलंही होतं. पण मला कायम करायचं पत्र त्यांच्या सहीसाठी टेबलावर पडून होतं, म्हणून गिळलं.

मालक सरांना घेऊन आतल्या केबिनमध्ये गेले. अंकल हळूच खुर्चीत टेकले.

"पोरी," ते म्हणाले, "तवाच बोलायचं ना गं."