जे फळ्यावर, ते खरं

मी फळा बोलतोय. खडूचा काळा फळा नव्हे हं, त्या थोरल्या भावाचं आणि माझं काही जमत नाही. त्याच्यावर लिहितात आणि पुसतात. माझ्यावर लावतात, आणि लावलं की ते खरं होतं. आणि मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल, लाकडाचा असून हा एवढा थरथरतो कशाला?

पूर्वी मी असा नव्हतो. एका सुताराने मला चांगल्या जाड प्लायपासून बनवलं, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि अंगावर जाडसर कापड ताणून बसवलं. कापडावर पाच उभे रंगीत पट्टे शिवले होते. सोमवार पिवळा, मंगळवार हिरवा, बुधवार गुलाबी, गुरुवार निळा आणि शुक्रवार केशरी. मला वाटलं, आता एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात माझी वर्णी लागणार. लागली ती या शाळेत, चपलांच्या रॅकशेजारी. सुरुवातीला जरा नाराजच होतो.

ही शाळा वेगळी आहे. इथल्या मुलांना शिकायला वेळ लागतो. एखाद्याला अक्षरं ओळखू येत नाहीत, एखादीला बोललेलं कळायला उशीर होतो, एखाद्याला उद्या म्हणजे काय तेच उमजत नाही. आणि पुढं जे होणार ते कळत नाही, त्याची भीती वाटते. तुम्हालाही वाटते की! डॉक्टरांच्या दाराबाहेर बसल्यावर कशी वाटते, तशी. या मुलांना ती दिवसभर वाटायची.

म्हणून मोठ्या बाईंनी मला आणलं. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी प्रत्येक कामाचा फोटो काढून कार्ड बनवलं आणि मागे ती करकर आवाज करणारी चिकटपट्टी लावली. सोमवारी बाग, मंगळवारी दुकानातली खरेदी, बुधवारी स्वयंपाकघर, गुरुवारी पोहणं आणि शुक्रवारी गाणी. सकाळी आलं की मुलं माझ्यासमोर उभी राहायची, आजच्या रंगावर बोट ठेवायची आणि त्यांचे खांदे जरा खाली यायचे. आज काय होणार ते कळलं ना, मग झालं!

मोठ्या बाईंचा एकच नियम होता आणि तो म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जे फळ्यावर, ते खरं. एखादा कार्यक्रम रद्द झाला, तर आधी कार्डावर लाल फुली लावायची, तीही मुलांच्या देखत. मगच तोंडाने सांगायचं. तोंडाचं बोलणं वाऱ्यावर जातं, फुली जागची हलत नाही, असं त्या नव्या शिक्षकांना बजावायच्या.

या मुलांत माझी सगळ्यात मोठी भक्त म्हणजे फौजदार. बारा-तेरा वर्षांची काडीसारखी पोरगी, दोन घट्ट वेण्या आणि आवाज मात्र खणखणीत. बोलते एकेक शब्दच, पण त्या एका शब्दात सगळ्यांना सरळ करते. कुणी चपला नीट ठेवल्या नाहीत की, "चपला!" बागेच्या वेळी कुणी बाकावर लोळत असला की, "बाग!" एकदा खुद्द मोठ्या बाई गप्पांत रंगल्या होत्या, तर त्यांच्या हाताला धरून तिने त्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं. म्हणून मावशींनी तिला फौजदार नाव ठेवलं. मावशी म्हणजे मुलांची उठबस करणाऱ्या, डबे उघडून देणाऱ्या, साऱ्या शाळेच्या मावशी.

फौजदाराच्या जोडीला रेडिओ. ही सतरा वर्षांची दांडगी मुलगी. स्वतःचं असं काही बोलत नाही, पण ऐकलेलं जसंच्या तसं त्याच आवाजात पुन्हा म्हणते. बाई शिंकल्या तर शिंकसुद्धा.

आता त्या गुरुवारचं सांगतो. 

मोठ्या बाईंचे डोळे आले होते. मुलांना लागण नको म्हणून त्या घरी बसल्या. वर्ग होता नव्या बाईंकडे, आणि पोहण्याची शिट्टी सकाळपासूनच त्यांच्या गळ्यात. वाईट नाहीत हो त्या! उलट फार मायाळू. आल्या आल्या त्यांनी माझी धूळ पुसली आणि पोहण्याचं कार्ड सारखं गळून पडतं म्हणून आदल्याच दिवशी त्याला नवी कोरी पट्टी लावली. मला केवढं बरं वाटलं होतं तेव्हा!

गुरुवारी सकाळी शाळेची गाडी फाटकातच बंद पडली. अर्धी आत, अर्धी बाहेर. ढकलली तरी हलेना. गाडीवाल्या काकांनी मेकॅनिकला बोलावलं आणि दोघंही बॉनेटखाली डोकं घालून बसले. फाटक काही लावता येईना.

नव्या बाईंनी पोहण्याच्या तलावावर फोन केला, आज येत नाही म्हणून. मग वर्गात येऊन टाळी वाजवली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, गाडी बिघडलीय. आज पोहायला जायचं नाही. आज आपण मातीकाम करू. कळलं ना सगळ्यांना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. फौजदारानेही डोलावली. अहो, ती कशालाही मान डोलावते! बाईंचा चेहरा हसरा असला की डोलावते. हे मोठ्या बाईंना माहीत होतं, मावशींना माहीत होतं, मला माहीत होतं. नव्या बाईंना माहीत नव्हतं. त्या समाधानाने मातीचा डबा उघडायला गेल्या. फुली राहिली टेबलाच्या खणात आणि पोहण्याचं कार्ड माझ्या निळ्या पट्ट्यावर दिमाखात तसंच.

म्हणजे त्या दिवशी मी खोटं बोललो. मला तोंड नाही, तरी बोललो.

डबे खाऊन झाले. निळ्या पट्ट्यावर डब्याच्या कार्डाखाली पोहणंच होतं. फौजदाराने पोहण्याची पिशवी खांद्याला अडकवली, माझ्यासमोर आली आणि कार्डावर बोट टेकवलं. मग वळून बघितलं तर सगळे मातीत हात घालून बसलेले. तिच्या कपाळावर आठी पडली. "पोहायला!" ती म्हणाली.

नेमकं त्याच वेळी कोपऱ्यात एका मुलाने रडून आकांत मांडला होता. त्याला ओल्या मातीचा स्पर्श सहन होत नाही. नव्या बाई त्याचे हात पुसत होत्या. मान न वळवताच म्हणाल्या, "हो गं राणी, हो. आलेच मी. हो पुढे."

झालं! फौजदार पुढे झाली.

अरे, कुणी बघा रे तिच्याकडे! मी मनातल्या मनात किंचाळलो. दारातून ती बाहेर गेली, तिची एक वेणी दिसली आणि मग तीही दिसेना. माझी पाचावर धारण बसली. मला वाटलं, कार्ड तरी पडावं. रोज उठून पडायचं मेलं, आवाज झाला असता, कुणीतरी वळून बघितलं असतं. पण नवी पट्टी! अशी घट्ट बसली होती की भूकंपातही सुटली नसती.

मी भिंतीवर खिळलेलो. वर्गात मातीचे गोळे थापले जातायत, कुणी हत्ती करतंय, कुणी नुसतंच थापतंय, बाई शाबासकी देतायत. आणि मला एकट्याला ठाऊक की एक पोर रस्त्यावर आहे. तिला मोटारीचा हॉर्न कळतो का? तिला रस्ता ओलांडता येतो का? मंगळवारी दुकानात जाताना येतो, पण तेव्हा मावशींचा हात असतो. अशी भीती मी कधी अनुभवली नव्हती. उंदराने माझी कड कुरतडली तेव्हासुद्धा नाही.

मावशी हात धुवायला सांगायला आल्या आणि त्यांनी सवयीने सगळ्यांवरून नजर फिरवली. "बाई, फौजदार कुठाय?"

"इथंच असेल की."

"इथं नाही. एवढ्या चपला अस्ताव्यस्त आणि ती ओरडत नाही म्हणजे ती इथं नाही."

नव्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मोरी बघितली, बाग बघितली, स्वयंपाकघर बघितलं, कपाटाच्या मागेसुद्धा बघितलं. गाडीवाले काका बॉनेटखालून काळेभोर हात घेऊन बाहेर आले. "माझ्यासमोरून कुणी गेलं नाही," म्हणाले आणि मग फाटकाकडे वळून बघितलं. "माझी पाठ होती, बाई. पाठीमागून गेली असली तर..."

बाई वर्गात येऊन मुलांसमोर खाली बसल्या. "कुणी बघितलं का रे तिला? सांगा ना कुणीतरी!" 

आणि रेडिओ बोलली. आधी फौजदाराच्या खणखणीत आवाजात, "पोहायला!" मग नव्या बाईंच्या घाईच्या आवाजात, "हो गं राणी, हो. आलेच मी. हो पुढे."

नव्या बाईंनी हळूहळू मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे बघितलं. निळा पट्टा, त्यावर पोहणं, त्यावर फुली नाही.

"अगं आई गं," एवढंच त्या म्हणाल्या. "काका, तलाव! ती तलावावर गेलीय. आणि तिथं कुणी नसेल, मीच फोन केला होता येत नाही म्हणून!"

मेकॅनिकच्या स्कूटरवर बसून काका आणि नव्या बाई गेल्या. मावशींनी मुलांना जवळ घेतलं आणि दाराला आतून कडी घातली. रेडिओ पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिली, "आलेच मी. हो पुढे. आलेच मी. हो पुढे." मावशी म्हणाल्या, "बास गं बाई, काळीज फाटतं." पण ती थांबेना. माझा जीव टांगणीला लागला होता. माझ्या डोळ्यांपुढे एकच, तो माझ्याच अंगावरचा फोटो. निळं पाणी, आणि पाण्यात कुणी नाही.

पुढचं मी काकांच्या तोंडून ऐकलं. परत आल्यावर ते मावशींना सांगत होते.

तलाव दोनच चौक पलीकडे, वाट तिला गाडीतून बघून पाठ. त्याचं बाजूचं दार उघडंच होतं. रखवालदार शाळा येणार नाही म्हणून जेवायला गेला होता. आत चिटपाखरू नाही. पाणी अगदी शांत. काका म्हणाले, "मावशी, मी आधी पाण्यात बघितलं. तळापर्यंत बघितलं. बाकाकडे बघायची माझी हिंमतच होईना."

फौजदार बाकावर बसली होती. पोहण्याचा पोशाख घातलेला, डोक्यावर टोपी, चपला भिंतीशी सरळ रेषेत. शॉवर घेऊन बसलेली, त्यामुळे अंग ओलं आणि थंडीने दात वाजतायत. पण जागची हलली नव्हती.

कारण तिथल्या भिंतीवर माझं धाकटं भावंड आहे. वीतभर रुंदीची पट्टी, तिच्यावर कार्डं. चपला, पोशाख, शॉवर, बाक, शिट्टी आणि मग पाणी. शिट्टीशिवाय पाणी नाही. जे फळ्यावर, ते खरं. समोर सगळा तलाव मोकळा, अडवायला कुणी नाही, आणि माझी पोर शिट्टीची वाट बघत काकडत बसली होती.

नव्या बाई धावत जाऊन तिला बिलगल्या आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या. फौजदाराला ते काही आवडलं नाही. तिने त्यांना दूर ढकललं, त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "शिट्टी!"

काका म्हणाले, "बाई, पोर गारठलीय, टॉवेलात गुंडाळू आणि नेऊ घरी." पण नव्या बाई उठल्या. डोळे पुसले. "काका, सकाळी मी तिला फसवलं. आता पुन्हा नाही." त्यांनी शिट्टी वाजवली, आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तिचा हात धरून उथळ पाण्यात उतरल्या. थोडा वेळच. मग बाहेर यायची दुसरी शिट्टी वाजली, आणि फौजदार शहाण्यासारखी बाहेर आली.

मावशींचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र नाही पडला, कारण संध्याकाळी तिची आई आली.

आई कपडे शिवते. ओढणीला दोऱ्याचे तुकडे तसेच चिकटलेले होते. नव्या बाईंनी काही लपवलं नाही. "माझी चूक झाली. मी फुली लावली नाही," म्हणाल्या.  आई माझ्याकडे बोट करून म्हणाली, "बाई, ती माझं ऐकत नाही एवढं या फळ्याचं ऐकते. मी घरी म्हणते की देव तरी चुकेल, फळा चुकायचा नाही. आणि तुम्ही..."  लेकीला घेऊन ती गेली. जाताना म्हणाली, "आता नाही पाठवायची मी तिला."

शुक्रवारी फौजदाराची खुर्ची रिकामी होती. गाणी झाली, पण कुणाच्या चपला सरळ नव्हत्या. मला वाटलं, आता मला भिंतीवरून काढतील आणि ते बरंच होईल. ज्याच्यावर विश्वास ठेवून पोर मरता मरता वाचते, त्याने भिंतीवर कशाला राहावं?

सोमवारी सकाळी दारात आई उभी होती आणि पुढे फौजदार. आईचे डोळे तारवटलेले. "पहाटेपासून दप्तर घेऊन दारात उभी होती. पिवळा, पिवळा म्हणून घर डोक्यावर घेतलं. काय करणार?" मोठ्या बाईही आल्या होत्या, काळा चष्मा लावून. 

फौजदार माझ्यासमोर आली. पण पिवळ्याकडे गेली नाही. थेट निळ्या पट्ट्याकडे गेली, पोहण्याच्या कार्डावर बोट ठेवलं, आणि मागे वळून नव्या बाईंना विचारलं, "खरं?"

इतक्या वर्षांत हा शब्द तिने कधी उच्चारला नव्हता. मला कुणी कधी तो विचारलाच नव्हता. माझ्या कापडाखालून शिरशिरी गेली.

नव्या बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "खरं. गाडी दुरुस्त झालीय. आणि जायचं नसेल तेव्हा फुली तू लावायचीस. तू लावल्याशिवाय रद्द नाही." खणातली लाल फुली काढून त्यांनी तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून बघितली, खिशात घातली आणि रॅककडे वळली. "चपला!" असा आवाज आला की रेडिओ दचकली आणि तिनेही लगेच ओरडून सांगितलं, "चपला!" दारात उभ्या आईने तोंडावर ओढणी धरली. ती हसत होती की रडत होती, मला इथून दिसलं नाही.

अजून मी त्याच भिंतीवर आहे. माझी एक कड उसवलीय, गुलाबी पट्टा विटून पांढरा झालाय. फौजदार रोज येते, आजच्या रंगावर बोट ठेवते आणि मागे वळून विचारते, "खरं?" पूर्वी ती विचारत नसे, आणि मी निर्धास्त होतो. आता रोज सकाळी मला धडकी भरते, कारण उत्तर मला देता येत नाही. मी लाकूड आहे. लावाल ते मी दाखवणार.

तेव्हा माझ्यावर कार्ड लावणाऱ्यांनो, एकच मागणं आहे. लावताना थोडं भ्या. माझ्याइतकं नको, पण थोडं तरी भ्या. ती मागे वळून बघेल तेव्हा तुम्ही तिथं असा, आणि तिच्याकडे बघून सांगा.