तुमच्या लायकीचं नाही

पंक्चर काढून झालं आणि गिऱ्हाईकानं पैसे विचारले, की जहांगीर छातीवर हात ठेवून म्हणायचा, "राहू द्या हो, तुमच्या लायकीचं काम कुठं झालंय!" मग गिऱ्हाईक आग्रह करकरून पैसे द्यायचं आणि जहांगीर ते नीट खिशात घालायचा. याला तआरोफ म्हणतात. इराणातल्या इस्फहानच्या माणसाच्या जिभेला तो जन्मतःच चिकटलेला असतो, आणि जिथं नको तिथंही सुटत नाही मेला.

जहांगीरची मुलगी तरलान चित्रं काढायची. वहीच्या कडेला, भिंतीवर, ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर. प्रवेशपरीक्षा औषधशास्त्राची द्यायची की कलेची, हे त्या आठवड्यात ठरायचं होतं. दुसऱ्या बापानं एका वाक्यात निकाल लावला असता. हा वेडा दुकान बंद ठेवून पोरीला घेऊन गावभर हिंडला. मीनाकारीचा कारखाना दाखवला, घुमटांच्या फरशा दुरुस्त करणारे दाखवले, कार्टून बनवणाऱ्या पोरांचं ऑफिसही दाखवलं. सगळीकडे चहा मिळाला आणि सगळे म्हणाले, "माशाल्ला, हात सोन्याचे आहेत!"

"बाबा, हे सगळे तुझ्यासारखेच. तू खटारा गाडीलाही नवरी म्हणतोस," तरलान म्हणाली. "मला खरं सांगणारं कुणीतरी दाखव."

खरं बोलणारे एकटे उस्ताद मोफख्खमच उरले होते. लघुचित्रं काढणारे हे म्हातारे तोंडाचे भलते फटकळ. न आवडलेलं चित्र ते समोरच फाडतात, अशी बाजारात ख्याती होती. बापलेक गझ मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. तरलाननं आपलं सगळ्यात लाडकं चित्र छातीशी धरलं होतं. कोरडी पडलेली नदी, आणि पुलाखाली बसून गाणारी माणसं.

उस्तादांनी दार उघडलं. "काय आणलंय?"

जहांगीरचा हात आपोआप छातीवर गेला. "काही नाही उस्ताद, पोरखेळ आहे. तुमच्या नजरेच्या लायकीचं नाही. उगाच तुम्हाला त्रास."

उस्तादांनी चित्र उजेडात नेलं, बराच वेळ पाहिलं. "हात चांगला आहे पोरीचा. पाठवा माझ्याकडे, परीक्षेची तयारी मी करून घेतो." फाडणं तर राहिलंच, वर चहाही पाजला.

गल्लीत येताच जहांगीर हरखून म्हणाला, "ऐकलंस ना, बाळा?"

"ऐकलं. तू आधी बोललास तेही ऐकलं."

"अगं, तो तआरोफ होता!"

"तू मला आजवर एकदाही वाईट म्हणाला नव्हतास. आज परक्या माणसापुढे म्हणालास. पोटातलं होतं ते बाहेर आलं. त्यांना माझी दया आली, म्हणून तेही तआरोफच बोलले, बास."

"तुझी शपथ! तुझ्यावरून जीव ओवाळून टाकीन मी."

"ते तू हवेचा पंप दुरुस्त करणाऱ्यालाही म्हणतोस."

होते नव्हते ते सगळे गोड शब्द जहांगीरनं गिऱ्हाइकांवर उधळले होते. पोरीसाठी एकही कोरा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तरलाननं औषधशास्त्राला नाव नोंदवलं. नोंदणी संध्याकाळी बंद होणार होती. जहांगीर धावत उस्तादांकडे गेला आणि रडकुंडीला येऊन त्यानं सगळं सांगितलं.

"तआरोफ? मी?" उस्ताद भडकले. "आणि गाढवा, तू माझ्या दारात उभा राहून लेकीच्या कामाला पोरखेळ म्हणालास? लाव तिला फोन!"

फोन लागला. उस्ताद थेटच बोलले, "पोरी, तुझ्या वयात माझा हात असा नव्हता. नाव बदल. अजून वेळ आहे."



"आपली कृपा, उस्ताद," तरलान मधाळ आवाजात म्हणाली. "मी तर आपल्या पायाची धूळ. आपली सावली आमच्यावर कायम राहो." आणि नाव बदलण्याचं काहीच न बोलता तिनं फोन ठेवला.

उस्तादांनी फोन जहांगीरला परत दिला. मग हळूच म्हणाले, "बोलायला छान शिकवलंस हो तिला."

जहांगीरचा हात सवयीनं छातीवर गेला, आणि तिथंच राहिला.